आत गेलेला हंगाम

"बाई, रजिस्टर लग्नाचं हापिस मागल्या अंगाला हाय," पट्टेवाला मला म्हणाला. "हे फौजदारी कोर्ट. हितं मारामाऱ्यांच्या केशी चालत्यात."

"आमची मारामारीचीच आहे," मी म्हणाले.

त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्याचं तरी काय चुकलं म्हणा! अंगावर पिवळी साडी, हातभर हिरवा चुडा आणि कानशिलापासून पावलांपर्यंत हळद. ती धुवायलाही सकाळी वेळ मिळाला नव्हता. शेजारी आबा बसलेले, आपला बँडचा लाल कोट घालून. खांद्यावर सोनेरी झालर, मांडीवर क्लॅरिनेटची पेटी. आणि पलीकडे सोनाआत्या, तोंडावर पदर घेऊन, आमची नि तिची ओळखच नाही अशा बेताने.

"हळदीची पोर वेस वलांडत न्हाई," आत्या पदराआडून म्हणाली. सकाळपासून हे तिने इतक्यांदा म्हटलं होतं की मला आता ते मंगलाष्टकासारखं पाठ झालं होतं.

"आबांना तालुक्याची वेस बंद आणि मला गावाची," मी म्हणाले. "आज बापलेक सारखेच."

आबा गालातल्या गालात हसले, पण त्यांचा हात पेटीवरून हलला नाही.

आम्ही ऐवळे. माणदेशात पितांबर मास्तरांचा बँड म्हटलं की कुणीही घर दाखवायचं. आबांना चार मुली. पहिल्या तिघींची नावं त्यांनी देवाधर्माची ठेवली आणि चौथीही मुलगीच झाली तेव्हा माझं नाव ठेवलं भैरवी. म्हणजे कार्यक्रम संपला. तिन्ही बहिणींच्या लग्नात अक्षता पडल्या की आबा लाल कोट चढवायचे आणि स्वतः क्लॅरिनेट घ्यायचे. बायका रडायच्या, आबा वाजवायचे. तोंड गुंतलेलं असल्यामुळे त्यांना रडता यायचं नाही. मला त्यांनी लहानपणापासून शब्द दिला होता की तुझ्या लग्नात भैरवी वाजवीन, आणि तोपर्यंत दुसऱ्या कुणाच्याही लग्नात वाजवणार नाही. तो शब्द त्यांनी पाळलाही होता. मोठमोठ्या घरच्या लोकांनी शेवटी भैरवी हवी म्हणून हट्ट धरला, तरी आबा म्हणायचे, "ती राखीव हाय."

आणि आज माझं लग्न होतं. गोरज मुहूर्त, नदीपलीकडे, सोपानच्या गावात. आई वऱ्हाड आणि बँड घेऊन सकाळीच पुढे गेली होती. त्याच दिवशी कोर्टाने आबांना तारीख दिली होती. लग्नाची तारीख पुढे ढकलली तर सासरचे लोक बिथरणार, आणि कोर्टाची चुकवली तर वॉरंट निघणार. मग मी आईला सांगितलं, आबांना घेतल्याशिवाय मी मांडवात येणार नाही. आई म्हणाली, "बापावर गेलीस." ते शिवीसारखं होतं, पण मला आवडलं.

मारामारी घडली ती दोन वर्षांपूर्वी. बाजारपेठेत दोन वराती समोरासमोर आल्या. एकीपुढे आबांचा बँड, दुसरीपुढे खाशाबा जावीर मास्तरांचा. आमच्याकडे दोन बँड असे भेटले की जो आधी थांबेल तो हरला. कुणीच थांबेना. नवरदेव घोड्यांवर पेंगायला लागले, वऱ्हाडी पारावर जाऊन बसले, हे दोघे वाजवतायत. शेवटी कुणीतरी कुणाला तरी ढकललं आणि आबांच्या हातात आलेली झांज खाशाबा मास्तरांच्या तोंडावर बसली. पुढचे दोन दात गेले. ट्रंपेटवाल्याचे दात गेले म्हणजे त्याचा धंदाच गेला.

आबांना अटक झाली. जामीनही मंजूर झाला होता, पण जामीनदार हवा, आणि त्याच्या नावावर जमीन हवी. बँडवाल्यांच्या गोतावळ्यात सातबारा कुणाकडे असायला? आबा आतच राहिले. शेवटी कोर्टाने जामीनदाराशिवायच सोडलं, पण सुटून आल्यावर तिथल्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. एकदाच, जेवता जेवता, म्हणाले, "आख्खा हंगाम फुकट गेला."

पुढे गुन्हा शाबीत झाला. पण पहिलाच गुन्हा, वयस्क माणूस, म्हणून कोर्टाने तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. त्या हमीच्या कागदाला सगळे बाँड म्हणत. देखरेखीला प्रोबेशन अधिकारी हर्डीकर साहेब. त्यांना बारमाही सर्दी. नाकाला रुमाल लावूनच ते बोलायचे. त्यांनी आबांना बाजूला घेऊन सगळ्या अटी समजावल्या: मारामारी नको, परवानगीशिवाय तालुका सोडायचा नाही वगैरे. त्या दिवशी आबा घरी आले ते वेगळेच होऊन. ते आत असताना बँडची माणसं पांगली होती, एक जण तर वीटभट्टीवर लागला होता. आबा एकेकाच्या दारात गेले, हातापाया पडले, सगळ्यांना परत आणलं. पहाटे तालीम, संध्याकाळी तालीम. आम्हाला वाटलं, तुरुंगाने आबांना शहाणं केलं.

आणि मग त्या शहाण्या माणसाने नदीपलीकडच्या, म्हणजे दुसऱ्या तालुक्यातल्या, एका लग्नाची सुपारी घेतली. लग्न निघालं हर्डीकर साहेबांच्या भाचीचं. साहेब फेटा बांधून पंगतीत बसलेले. आबांनी त्यांना पाहिलं मात्र, अख्खा बँड घेऊन पंगतीसमोर गेले, कमरेत वाकले आणि साहेबांच्या पानापुढे उभं राहून जीव तोडून वाजवलं. साहेब अर्ध्या जेवणावरून उठले आणि त्यांनी कोर्टाला अहवाल दिला. आता बाँड रद्द करून शिक्षा का देऊ नये, याची आजची सुनावणी होती.

आमच्या वकिलांना दुसऱ्या कोर्टात काम निघालं, म्हणून कोर्टाच्या मोफत मदतीच्या यादीतून आयत्या वेळी निलोफर मुलाणी नावाच्या वकीलबाई मिळाल्या. माझ्याहून चार-दोन वर्षांनी मोठ्या असतील. काळ्या गाऊनच्या घड्याही मोडल्या नव्हत्या.

"वरातीची घाई आहे का?" त्यांनी मला विचारलं.

"गोरज मुहूर्त आहे."

"मग पळू या," असं म्हणून त्या आत शिरल्या. मला त्या तिथेच आवडल्या.

पुकारा झाला. आबा पिंजऱ्यात ताठ उभे राहिले. न्यायाधीश साहेबांनी चष्म्यावरून लाल कोट पाहिला.

"पितांबर ऐवळे, तुम्ही बाँड मोडलात असं प्रोबेशन अधिकाऱ्यांचं म्हणणं आहे. कबूल आहे?"

"न्हाई साहेब. ब्यांड मोडला न्हाई."

"मोडला नाही?"

"मोडीन कसा? हर्डीकर साहेबांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं हुतं, ऐवळे, ब्यांड मोडलात तर परत आत. ब्यांड नीट सांभाळा. तवापासनं जिवाच्या वर सांभाळलाय. उलट दोन माणसं वाढवली."

"बाँडला माणसं वाढवली? म्हणजे जामीनदार?"

"जामीनदार न्हवं साहेब. येक खुळखुळ्यावर आन् येक मोठ्या ढोलावर."

न्यायाधीश साहेबांनी चष्मा काढला. "हर्डीकर, तुम्ही यांना नक्की काय सांगितलं होतं?"

हर्डीकर साहेब उठले. "मी, सर, स्पष्ट शब्दांत..." त्यांना शिंक आली. "स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं की बँड मोडू नका."

आधी टायपिस्ट बाई हसल्या, मग वकिलांची बाकं, मग पट्टेवाला. हर्डीकर साहेबांचे कान लाल झाले. मी आबांकडे पाहिलं. ते बिचारे सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होते. कोर्टाचा हुकूम म्हणून या माणसाने वर्षभर बँड सांभाळला होता!

"आणि तालुका सोडू नका, हे नव्हतं सांगितलं?"

"सांगितलं हुतं की. पर ब्यांड आधी सांगितला, तालुका मागनं. म्या म्हटलं, जे आधी ते मोठं. आन् ब्यांड सांभाळायचा म्हंजे सुपारी नको घ्याया? पलीकडं साहेबच दिसले. म्हटलं, बघू देत की कसा सांभाळलाय."

"ढोलावर कोण वाढवलंत?"

"खाशाबा मास्तर."

साहेबांनी कागद मागे चाळले. "खाशाबा जावीर? फिर्यादी?"

शेवटच्या बाकावरून खाशाबा मास्तर उठले. आम्हाला न्यायला टेम्पो घेऊन तेच आले होते. ते हसले तसे पुढचे दोन स्टीलचे दात चमकले. "व्हय साहेब. मला ट्रंपेट फुकता येईना. पितांबर दारात आला आन् म्हणाला, दात न्हाईत तर हात हायेत. तवापासनं ढोल वाजिवतो."

न्यायाधीश साहेबांनी रुमालाने तोंड पुसलं. हसू पुसलं असावं, कारण रुमाल खाली आला तेव्हा चेहरा पुन्हा कोर्टाचा झाला होता.

"चूक पहिलीच आहे, आणि कानांची आहे. किरकोळ दंड करावा आणि बाँड पुढे चालू ठेवावा, असा माझा विचार आहे. मात्र मुदत संपेपर्यंत तालुक्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. कोणत्याही कारणासाठी नाही."

आत्याने देवाला हात जोडले. खाशाबा मास्तरांनी बाकावर ताल धरला. मला मात्र शेवटचं वाक्य तेवढं ऐकू येत होतं. कोणत्याही कारणासाठी नाही!

मी उठून उभी राहिले. "साहेब, आज संध्याकाळी माझं लग्न आहे. नदीपलीकडे."

"ते दिसतंय," साहेब म्हणाले.

वकीलबाईंनी एका दिवसाची परवानगी मागितली. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. "वकीलबाई, हे नदीपलीकडच्या लग्नात वाजवायला गेले म्हणून इथे उभे आहेत. आणि तुम्ही मागता काय, तर नदीपलीकडच्या लग्नात वाजवायची परवानगी. रीतसर अर्ज करा. हर्डीकर अहवाल देतील."

"आठवड्याभरात देतो, सर," हर्डीकर साहेब म्हणाले.

आबा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "असू दे पोरी. आत तर न्हाई घातलं. तू हो फुडं. सुभान्या वाजवील चांगलं." सुभाना आमचा दुसरा क्लॅरिनेटवाला. तो वाजवायचा ठीक, पण तो काही माझा बाप नव्हता. मला रडू फुटलं, आणि राग त्याहून जास्त आला. ही कसली दया, जी बापाला नदीच्या अलीकडच्या काठावर उभं करते? तुरुंगापेक्षा ही वाईट, असं मला वाटलं.

वकीलबाई कागदांची पानं उलटत होत्या. एकदम थांबल्या आणि आबांजवळ गेल्या.

"मास्तर, खटला चालू असताना तुम्ही आत किती होतात?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "त्ये कशाला आता? पोरीच्या लग्नाच्या दिवशी."

"सांगा हो."

"होळीच्या आधी न्हेलं. आखाड लागल्यावर सोडलं. लगीनसराईचा आख्खा हंगाम." मग अगदी खालच्या आवाजात, "फुकट गेला."

वकीलबाई सरळ झाल्या, गाऊन सावरला आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "साहेब, माझ्या अशिलाला दया नको. बाँड रद्द करावा आणि मूळ गुन्ह्याची शिक्षा आजच द्यावी."

आत्या किंचाळली. मी पुढे झेपावले आणि वकीलबाईंच्या पाठीवर गाऊन मुठीत धरला. "अहो, काय करताय? आमच्या बाजूच्या ना तुम्ही?" हात काढला तेव्हा त्या कोऱ्या काळ्या गाऊनवर माझा पिवळा पंजा उठला होता. वकीलबाईंनी मागे पाहिलं, माझा हात दाबला आणि डोळा मिचकावला. कोर्टात, न्यायाधीशांसमोर!

"तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात, वकीलबाई?" साहेबांनीही तेच विचारलं. बाईंनी कागदातल्या एका ओळीवर बोट ठेवून तो पुढे केला. साहेबांनी वाचला. कपाळावरची आठी हळूहळू सुटली.

"ऐवळे, तुमच्या वकील तुमच्यासाठी शिक्षा मागतायत. तुम्हाला मान्य आहे?"

आबांनी वकीलबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काय सांगणार? मला त्या मिचकावलेल्या डोळ्याखेरीज काहीच कळलं नव्हतं. पण मी मान डोलावली.

"बाईंचा ताल मला काय कळंना, साहेब," आबा म्हणाले. "पर म्होरक्यानं सुरू केलं की मागच्यानं जायाचं असतं. मान्य हाय."

साहेब टायपिस्ट बाईंना सांगू लागले. फिर्यादी आणि आरोपी यांचा समेट झालेला दिसतो. आरोपीचं वय. त्याने फिर्यादीला काम दिलं. बाँड रद्द. मूळ गुन्ह्याबद्दल तीन महिने साधी कैद.

कैद म्हणताच दाराजवळचा पोलीस पुढे आला. आबा पिंजऱ्यातून खाली उतरले. रडले नाहीत, काही नाही. क्लॅरिनेटची पेटी त्यांनी माझ्या हातात दिली आणि माझ्या बोटांवर आपली बोटं मिटली. "जपून ने. फुकायची जिभाळी नवी घातलीया. सुभान्याला म्हणावं, जोरात फुकू नगं."

पोलिसाने त्यांच्या दंडाला हात लावला.

"थांबा," साहेब म्हणाले. "माझं संपलेलं नाही." आणि टायपिस्ट बाईंकडे वळून पुढे म्हणाले, "आरोपीने खटल्यादरम्यान कैदेत काढलेला काळ या शिक्षेतून वजा करावा. तो काळ शिक्षेपेक्षा अधिक असल्याने भोगायचं काही शिल्लक राहत नाही. आरोपीला ताबडतोब मुक्त करावं."

पोलिसाने हात काढून घेतला.

"मास्तर, निघा!" वकीलबाई हसत होत्या. "शिक्षा भोगून झाली तुमची. खटल्याच्या वेळी आत काढलेले दिवस शिक्षेत मोजतात. तुम्ही आधीच जास्त काढलेत. आता बाँड नाही, अट नाही, तालुक्याची वेस नाही. कुठेही जा."

आबा तसेच उभे. मग म्हणाले, "म्हंजे... तवाचं धरलं?"

"तवाचं धरलं."

"होळीपासनं आखाडापातुर? समदं?"

"सगळं."

आबा मटकन बाकावर बसले आणि लाल कोटाच्या बाहीत तोंड खुपसून हुंदके देऊन रडले. सुटल्याचं रडू नव्हतं ते. इतके दिवस ज्याला फुकट गेलं म्हणत होते, ज्याची लाज मनात दाबून बसले होते, ते कुणीतरी मोजलं होतं. भर कोर्टात, मोठ्याने. तिन्ही बहिणींच्या लग्नात साठलेलं रडूही त्यातच निघालं असणार, कारण या वेळी तोंडात क्लॅरिनेट नव्हतं. मीही त्यांच्या गळ्यात पडून रडले आणि लाल कोटाला हळद लागली.

"रडायचं ते मांडवात रडा," आत्या ओरडली. तोंडावरचा पदर केव्हाच कमरेला खोचला होता. "दीस कुटं गेला बगा!"

जिन्यात हर्डीकर साहेब भेटले. रुमाल खिशात ठेवून, एकेक अक्षर सुटं करत ते म्हणाले, "मास्तर, बाँ-ड संपला."

"आन् ब्यांड, साहेब?"

"तो मात्र मोडू नका," असं साहेब म्हणाले आणि पुन्हा शिंकले.

खाशाबा मास्तरांनी टेम्पो असा हाणला की आत्याने वाटेत सगळ्या देवांना नवस बोलून घेतले. पुलाच्या मध्यावर आबांनी टेम्पो थांबवायला लावला. खाली उतरले. तालुक्याची हद्द संपल्याची पाटी होती तिच्यापुढे एक पाऊल टाकलं, मागे घेतलं, पुन्हा टाकलं. मग पेटी उघडली आणि वाजवत वाजवत चालत निघाले. आम्ही टेम्पो हळूहळू त्यांच्या मागून नेला. पलीकडच्या काठावरून आमच्याच बँडने उत्तर दिलं. आईने क्लॅरिनेट ओळखलं होतं.

मुहूर्त गाठला. आबांनी मला सोपानच्या हाती दिलं, अक्षता पडल्या आणि त्यांनी लाल कोटाची बटणं लावली. त्यानंतर जे सुरू झालं ते थांबेचना. सिनेमाची गाणी, भजनं, लावण्या, वरातीच्या जुन्या चाली. पंगती उठल्या, वाढपी जेवले, सुभाना दमून पोत्यावर आडवा झाला, तरी आबा आणि खाशाबा मास्तर समोरासमोर उभे. जो आधी थांबेल तो हरला, असं पुन्हा ठरलंय की काय, असं वाटायला लागलं.

"अगं, तुझे वडील शेवटी भैरवी वाजवणार होते ना?" सोपान कानाशी म्हणाला. "पोरं पेंगायला लागली."

मी उठून आबांजवळ गेले. "आबा, दमलात. घ्या की आता भैरवी."

आबांनी क्लॅरिनेट ओठांपासून काढलं, बाहीला पुसलं. डोळे लाल होते आणि चेहरा असा की मी तसा आधी कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

"एवढ्यात?" ते म्हणाले. "हंगाम कोर्टानं धरला गं पोरी. पर माझा वाजवायचा ऱ्हायलाय की."

आणि त्यांनी खाशाबा मास्तरांना मान हलवून इशारा केला.